पाटीवर फक्त पिएर: पॅरिसजवळच्या सो गावातल्या एका रस्त्याचं प्रकरण

आई मे महिन्यात आमच्याकडे आली होती, तेव्हा आम्ही बूर-ला-रेनला राहायचो, म्हणजे पॅरिसच्या दक्षिणेला, आरईआर बी या लोकल ट्रेनच्या लाईनवर. आईनं सांगलीत एकतीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय, किती बॅचेसना मादाम क्युरी सांगितली असेल त्याला गणती नाही, त्यामुळे आयफेल टॉवर वगैरे उरकल्यावर मी म्हटलं चल, तुला क्युरींच्या गावात नेते, शेजारीच आहे. गावाचं नाव सो. लिहायला सहा अक्षरं लागतात आणि म्हणायचं नुसतं सो.

तिथल्या एका शांत रस्त्यावर, बागांच्या भिंती आणि त्यामागे बैठी-दुमजली घरं, आई पाटीखाली थांबली. चष्मा पुसला. रू पिएर क्युरी.

"पिएर म्हणजे आपल्या मादाम क्युरींचे मिस्टर ना गं?"

"हो."

"मग बाईंचं नाव?"

"नाहीये या पाटीवर."

"असं कसं? दोन नोबेल बाईंना, आणि रस्ता मिस्टरांचा?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं, आणि घरी आल्यावर मी यावर लिहायला बसले ते चांगलंच तावातावानं, की बघा शंभर वर्षं झाली तरी बायकोचं नाव लावायला यांना जमलेलं नाही. पण जसजशी मी या एका रस्त्याची माहिती गोळा करत गेले तसतसं माझं मत फिरलं. आता मला वाटतं की ती पाटी बरोबर आहे. चूक दुसरीकडे झालीय, आणि ती त्याच गावात, चालत जाता येईल अशा अंतरावर आहे. म्हणून हे सगळं नीट मांडते, थोडं लांबेल.

घर कुणाचं होतं

या रस्त्याचं जुनं नाव रू द साब्लों. साब्लों म्हणजे वाळूच्या जागा, म्हणजे आपल्याकडे कसं वाळूचा माळ, रेताड म्हणतात तसं, जमिनीवरून पडलेलं नाव. त्या रस्त्यावर १३ नंबरच्या घरात डॉक्टर युजीन क्युरी, त्यांची बायको सोफी-क्लेअर आणि धाकटा मुलगा पिएर राहायचे. आज तेच घर रू पिएर क्युरीचा ९ नंबर आहे.

युजीन क्युरींबद्दल दोन वाक्यं तरी लिहायलाच हवीत, कारण या माणसाच्या नावानं कुणी काही विचारत नाही. १८४८ च्या क्रांतीत आणि नंतर १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या उठावाच्या वेळी यांनी जखमी लोकांवर उपचार केले, कम्यूनच्या वेळी तर राहत्या घराचाच दवाखाना केला होता. धर्म वगैरे मानायचे नाहीत, मुलांचा बाप्तिस्मासुद्धा केला नाही. पिएरला शाळेतच घातलं नाही, घरी शिकवलं, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की हा मुलगा एका गोष्टीत घुसला की तिथंच राहतो, तासातासाला विषय बदलला की गोंधळतो. आज अशा मुलाला शाळेत काय काय ऐकावं लागेल ते आई चांगलं सांगू शकेल. पिएर अठराव्या वर्षी सायन्सची पदवी घेऊन मोकळा झाला.

पिएरचा जन्म मात्र इथला नाही. तो १५ मे १८५९ ला पॅरिसमध्ये रू क्युव्हिएवर झाला, आणि क्युव्हिए हासुद्धा शास्त्रज्ञच, प्राण्यांच्या हाडांवरून नामशेष जातींचा अभ्यास करणारा. म्हणजे शास्त्रज्ञाच्या नावाच्या रस्त्यावर जन्मलेल्या मुलाच्या नावानं पुढे शेकड्यांनी रस्ते झाले. १८८० मध्ये भाऊ जाक याच्याबरोबर त्यानं पिएझो-इलेक्ट्रिसिटी शोधली, क्वार्ट्झसारख्या स्फटिकाला दाबलं की त्यावर वीजभार तयार होतो ती, आणि हीच गोष्ट वापरून बनवलेलं नाजूक मोजमापाचं यंत्र पुढे मेरीच्या रेडियमच्या कामात उपयोगी पडलं. १८९५ च्या मार्चमध्ये चुंबकत्वावर डॉक्टरेट. क्युरी टेंपरेचर हा शब्द फिजिक्सवाल्यांना माहीत असेल, लोखंड ठराविक तापमानावर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं ते तापमान, ते या पिएरचं. आणि या काळात हा छत्तिशीला आलेला माणूस सो मध्ये आईवडलांकडेच राहत होता, पॅरिसला नोकरीला जायचा आणि सुट्टीत बिएव्र नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात भटकायचा.

हे सगळं मी एवढं सविस्तर का सांगतेय, तर आईच्या प्रश्नातलं "मिस्टर" माझ्या डोक्यात अडकलं होतं म्हणून. मराठीत आपण पिएरला ओळखतो तो मेरीच्या धड्यातून. त्या घरात मात्र मेरी पाहुणी म्हणून आली तेव्हा पिएरचं अर्धं नाव आधीच झालेलं होतं.

२६ जुलै १८९५

लग्न सोच्या नगरपालिकेत झालं. चर्च नाही, अंगठ्या नाहीत, पांढरा ड्रेस नाही. मेरीची बहीण ब्रॉन्या पॅरिसमध्ये डॉक्टर होती, तिच्या सासूनं ड्रेस देऊ केला तेव्हा मेरीनं सांगितलं की देणारच असाल तर गडद रंगाचा द्या, नंतर लॅबमध्ये घालता येईल असा. मग गडद निळा सूट आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचा ब्लाउज शिवला. धाकटी मुलगी ईव्ह हिनं हे सगळं नंतर लिहून ठेवलंय. सकाळी पिएर मेरीला आणायला तिच्या खोलीवर गेला, दोघं बसच्या टपावर बसून लक्झेंबर्ग स्टेशनपर्यंत आले आणि तिथून गाडीनं सोला. आता गंमत अशी की ही लाईन लक्झेंबर्गपर्यंत वाढवली गेली तीच मुळात १८९५ मध्ये, म्हणजे यांच्या लग्नाच्या काही महिने आधी, नाहीतर दोघांना आधीच्या शेवटच्या स्टेशनला, दाँफेरला जाऊन गाडी पकडावी लागली असती.

लाईनबद्दल अजून एक सांगते, मला ट्रेनचं वेड आहे. ही लाईन १८४६ ची, आर्नू नावाच्या इंजिनिअरची कल्पना तपासायला म्हणून बांधलेली, की डबे असे जोडायचे की अगदी अरुंद वळणंही घेता येतील. रूळ नेहमीपेक्षा रुंद, पावणेदोन मीटरचे. पुढे १८९० च्या दशकात रूळ बदलून नेहमीच्या मापाचे केले. आज आरईआर बी त्याच मार्गावर धावते.

लग्नानंतरचं जेवण रू द साब्लोंच्या घरच्या बागेत. एका नातेवाइकानं आहेर म्हणून पैसे पाठवले होते, त्याच्या दोन सायकली घेतल्या आणि हनिमूनला दोघं सायकलवर निघून गेले. आईला मी हे बागेच्या भिंतीबाहेर उभं राहून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आहेराचं सोनं न करता सायकली घेतल्या, शहाणी माणसं." तिच्या आवाजात कौतुक होतं.

आणि त्याआधीचं, लग्न ठरतानाचं. मेरी शिक्षण संपवून पोलंडला परत जायच्या विचारात होती, लग्नाला हो म्हणेना. तेव्हा पिएरच्या आईनं ब्रॉन्याला बाजूला घेऊन विनवलं होतं, माझ्या पिएरसारखा दुसरा कुणी मिळायचा नाही, बहिणीला सांगा नाही म्हणू नको. १८९७ च्या सप्टेंबरमध्ये इरेनचा जन्म झाला आणि दोनच आठवड्यांत ही सासू वारली. डॉक्टर युजीन मग मुलाकडे पॅरिसला राहायला आले आणि नात त्यांनीच सांभाळली, म्हणून मेरीला लॅबमध्ये जाता आलं. १८९८ ला पोलोनियम आणि रेडियम सापडलं तेव्हा इरेन जेमतेम सव्वा वर्षाची होती. सासरा घरी बाळ बघतोय आणि सून लॅबमध्ये पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज) उकळतेय, १८९८ साली. या माणसाच्या नावाची पाटी मला बघायला आवडेल.

पाटीच्या विरोधातला मुद्दा, आणि तो कुठे बरोबर आहे

फ्रान्समध्ये रस्त्याला नाव द्यायचं काम गावाच्या नगरपरिषदेचं, ठराव करून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पॅरिसच्या उपनगरांत वस्ती वाढली, नवे रस्ते पडत गेले, आणि शाळा, विज्ञान, प्रजासत्ताक यांवर श्रद्धा असलेल्या नगरपरिषदांनी संतांच्या जागी शास्त्रज्ञ लावले. पास्तर, बर्थेलो, आरागो, क्युरी. नंतर कम्युनिस्टांच्या हातातल्या उपनगरांत पॉल लँजव्हँ आणि मेरीचा जावई फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांची भर पडली, ते दोघंही मोठे शास्त्रज्ञ आणि पक्षाचे सभासद. आपल्याकडे प्रत्येक गावात टिळक रोड असतो तसं तिथं कुठल्याही उपनगरात उतरा, एक पास्तर आणि एक क्युरी मिळणारच.

पण बायका नाहीत. २०१४ मध्ये एका महिला संघटनेनं शंभरावर गावांतले रस्ते मोजले, त्यात बायकांच्या नावाचे निघाले साधारण २ टक्के. आणि क्युरींच्या बाबतीत तर प्रश्न अजून टोचतो, कारण दोघांचं काम एकत्र, मग पाटी एकाचीच का.

पॅरिसचं उदाहरण बघा. मेरीनं स्वतः उभी केलेली रेडियम इन्स्टिट्यूट १९१४ ला बांधून तयार झाली ती लॅटिन क्वार्टरमध्ये, रू पिएर क्युरीवर. म्हणजे दोन नोबेल मिळालेली ही बाई मरेपर्यंत रोज अशा रस्त्यावर कामाला जायची ज्यावर फक्त तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तिला त्यात वाईट वाटायचं असं अजिबात नाही, तिनं आयुष्यभर पिएरचं नाव पुढे ठेवलं. तरीही ती इमारत, ते काम, ते विद्यार्थी हे सगळं तिचं होतं. १९६० च्या दशकात तो रस्ता रू पिएर-ए-मेरी-क्युरी झाला. झालं ते योग्यच.

दुसरं उदाहरण उपनगरातलंच, इव्री. मेट्रोच्या ७ नंबर लाईनचं स्टेशन १९४६ मध्ये पिएर क्युरी नावानं उघडलं आणि ८ मार्च २००७ ला, महिला दिनाला, ते पिएर ए मेरी क्युरी झालं. हेही योग्य. पिएर किंवा मेरी त्या स्टेशनच्या जागी कधी राहिलेले नाहीत, तिथलं नाव हा फक्त सन्मान आहे, आणि सन्मान जर रेडियमसाठी असेल तर तो दोघांचा.

याला सगळ्यात भक्कम साक्षीदार पिएर स्वतः आहे. १९०३ च्या नोबेलसाठी फ्रेंच अकादमीतल्या मंडळींनी जी शिफारस पाठवली तिच्यात बेकेरेल (किरणोत्सर्ग पहिल्यांदा शोधणारे) आणि पिएर एवढीच दोन नावं होती. स्वीडनच्या मिताग-लेफलर या गणितज्ञानं पिएरला हे कळवलं. पिएरनं उलट लिहिलं की माझा विचार होणार असेल तर मादाम क्युरींबरोबर व्हावा, काम दोघांनी केलंय. त्यामुळे मेरीचं नाव आलं. त्याच वर्षी सरकार लेजियन ऑफ ऑनर द्यायला निघालं तर नको म्हणाला, मला पदकाची गरज नाही, लॅबची आहे. असा माणूस. याला एकट्याला पाटी द्यायची म्हटली असती तर त्यानं नगरपरिषदेलाही तसंच पत्र लिहिलं असतं याबद्दल मला शंका नाही.

आणि त्या काळातल्या पद्धतीचा नमुना हवा तर पँथिऑन. १९०७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्सलँ बर्थेलो आणि त्यांची बायको सोफी एकाच दिवशी गेले. त्यांना वेगळं करू नये म्हणून सोफीला नवऱ्याबरोबर पँथिऑनमध्ये ठेवलं, देशाच्या त्या सगळ्यात मोठ्या स्मारकातली पहिली बाई ती, आणि आत गेली ती शास्त्रज्ञाची बायको म्हणून. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथं जाणारी पहिली बाई मेरी क्युरी, १९९५ मध्ये. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं.

(मेरीच्या एकटीच्या नावाचं सगळंच भाग्याचं निघालं असंही नाही. मार्न नदीकाठच्या नोजाँला जुन्या रेडियम कारखान्याच्या जागेवर शाळा बांधली आणि नाव दिलं मेरी क्युरी. जमिनीतून रेडॉन, म्हणजे रेडियमपासून निघणारा किरणोत्सर्गी वायू, येत राहिला. १९९८ मध्ये शाळा बंद करावी लागली.)

मग सोची पाटी बरोबर कशी

इथं माझं मत फिरलं. पॅरिसला आणि इव्रीला ते नाव सन्मानाचं आहे. सोला ते पत्त्याचं आहे. रू द साब्लोंवर जो मुलगा वाढला, जंगलातून चिखलाचे बूट घेऊन परत यायचा, पस्तिशी ओलांडली तरी आईवडलांजवळ राहायचा, त्याचं नाव त्या रस्त्याला आहे. गावानं आपल्या घरातल्या मुलाचं नाव लावलं. मेरी त्या घरात नांदली नाही, लग्न झाल्यावर दोघं पॅरिसला रू द ला ग्लासिएरवर बिऱ्हाड करून राहिले. तिचं नाव त्या पाटीवर चढवलं तर ते पुन्हा "क्युरींची सून" म्हणूनच चढेल, आणि आईला ज्याचा राग आला होता नेमकं तेच आपण उलटं करून बसू.

शिवाय गावानं मेरीला विसरलंय असंही म्हणता येत नाही. तिच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९३६ ला, सो मध्ये मुलींसाठी मोठं लिसे, म्हणजे हायस्कूल, उघडलं, त्याला नाव दिलं मेरी क्युरी. आजही चालू आहे, चांगलं नावाजलेलं आहे. मुलींच्या शाळेला तिचं नाव, याहून योग्य काय असणार.

नाव बदलायचा एक व्यवहारी त्रासही असतो तो सोडून देते, गाडीची कागदपत्रं, बँक, विमा, सगळीकडे पत्ता बदलत बसा. मुद्दा खरा आहे पण तो माझ्या निर्णयाचं कारण नाही.

दुसरं घर

आता चूक कुठे झाली ते.

१९ एप्रिल १९०६, पाऊस, पॅरिसमध्ये रू दोफीनवर पिएर घोडागाडीखाली सापडला आणि जागच्या जागी गेला. मेरीनं सरकारी इतमाम टाळायला अंत्यविधी मुद्दाम लवकर उरकला, सोच्या कबरस्तानात, पिएरच्या आईच्या कबरीत. सगळे उभे असताना तिनं फुलांचा एक गुच्छ हातात घेतला आणि त्यातलं एकेक फूल तोडून शवपेटीवर टाकत राहिली, आजूबाजूला कोण आहे याचं भान नव्हतं.

आणि मग १९०७ मध्ये तिनं पॅरिस सोडलं आणि सो मध्येच घर भाड्यानं घेतलं, ६ नंबर, रू द्यु शमँ-द-फेर. शमँ-द-फेर म्हणजे रेल्वे, रेल्वेचा रस्ता. कारण एकच, पिएरजवळ राहायचं. सासरे डॉक्टर युजीन बरोबर, इरेन नऊ-दहा वर्षांची, ईव्ह दोन-तीन. रोज गाडीनं पॅरिसला, अर्धा तास जायला, सोर्बोन या पॅरिसच्या विद्यापीठात लेक्चर, लॅब, रात्री परत. सोर्बोनमध्ये शिकवणारी ती पहिली बाई. बागेत तिनं मुलींसाठी आडवा बार लावून घेतला, त्याला ट्रॅपीझ, रिंगा, चढायची दोरी. लँजव्हँ, पेराँ वगैरे मित्रांबरोबर मिळून मुलांसाठी घरगुती शाळा काढली, प्रोफेसर लोक आपापला विषय शिकवायचे, फिजिक्स मेरी, गणित लँजव्हँ. पिएरला त्याच्या वडलांनी जसं शाळेबाहेर वाढवलं त्याचीच पुढची पायरी म्हणा.

१९१० च्या फेब्रुवारीत डॉक्टर युजीन गेले. जमीन थंडीनं गोठलेली. मेरीनं कबर खणणाऱ्या माणसांना जास्तीचं काम सांगितलं, पिएरची पेटी वर काढायची, वडलांची खाली ठेवायची आणि पिएरची पुन्हा त्यावर. म्हणजे पुढे कधीतरी पिएरच्या लगेच वर तिची जागा राहील. बेचाळीस वर्षांची बाई शांतपणे हे ठरवते आणि उभी राहून करून घेते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

मग १९११. जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीच्या सभासदत्वाच्या निवडणुकीत ती थोडक्या मतांनी हरली, जिंकले एदुआर ब्रान्ली, रेडिओलहरी पकडणारं यंत्र बनवलेले शास्त्रज्ञ, त्यांच्याही नावाचे रस्ते उपनगरांत भरपूर आहेत. नोव्हेंबरमध्ये पेपरांनी तिचं आणि लँजव्हँचं प्रेमप्रकरण उकरून काढलं, खाजगी पत्रं छापली. लँजव्हँ शेजारच्या फोन्तने-ओ-रोझला राहायचे, लग्नाचे, चार मुलांचे. मेरी विधवा होऊन पाच वर्षं झालेली. पण शिव्या सगळ्या तिला, परकी, पोलिश, फ्रेंच घर मोडायला आलेली. सोच्या त्या घरासमोर लोक जमले, दगड मारले, परकी बाई चालती हो म्हणून ओरडले. मैत्रीण मार्गरीट बोरेल आणि लॅबमधले सहकारी आंद्रे देबिएर्न येऊन तिला आणि छोट्या ईव्हला तिथून बाहेर घेऊन गेले, पॅरिसला इकोल नॉर्माल या कॉलेजच्या आवारातल्या बोरेल यांच्या घरी.

त्याच महिन्यात तिला दुसरं नोबेल जाहीर झालं होतं, केमिस्ट्रीचं, एकटीचं. स्वीडनहून शास्त्रज्ञ अरेनियस यांनी पत्र लिहिलं की सध्या येऊ नका. तिनं कळवलं की बक्षीस रेडियम आणि पोलोनियमच्या शोधासाठी आहे, माझ्या खाजगी आयुष्याचा त्याच्याशी संबंध नाही. डिसेंबरमध्ये स्वीडनला गेली, भाषण दिलं, कोणतं काम पिएरबरोबरचं आणि कोणतं आपलं ते स्पष्ट सांगितलं, परत आली आणि आजारी पडून हॉस्पिटलात गेली. १९१२ मध्ये बिऱ्हाड पॅरिसला हललं. सोचं घर सुटलं.

माझं म्हणणं हेच आहे की मेरीचा सो मधला रस्ता हा आहे. भाडं तिनं भरलेलं, संसार तिनं चालवलेला, दुसऱ्या नोबेलचं काम करताना जिथून रोज गाडी पकडली तो पत्ता, आणि जिथं दगड खाल्ले तोही. त्या रस्त्याला तिचं नाव मिळालं नाही. पिएरच्या पाटीवर तिला जागा करून देण्यापेक्षा गावानं हा रस्ता, निदान त्याचा एखादा तुकडा, तिला द्यायला हवा होता, आणि नाव एकटीचं, मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी, कारण ती सही तशीही करायची. परकी म्हणून जिथं हाकललं तिथंच ते पोलिश आडनाव निळ्या पाटीवर असावं.

आणि पिएरच्या पाटीत काही करायचंच असेल तर खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवावी, जुनं नाव रू द साब्लों, आणि डॉक्टर युजीन क्युरींचं घर. फ्रान्समध्ये पाटीखाली जन्म-मृत्यूची सालं आणि "भौतिकशास्त्रज्ञ" असं लिहायची पद्धत आहेच, त्यात एक ओळ बसते.

कबरस्तान

आईचे गुडघे दुखत होते तरी तिनं कबरस्तानात जायचं म्हणून हट्ट धरला. ४ जुलै १९३४ ला मेरी आल्प्समधल्या सॅनेटोरियममध्ये वारली, दोन दिवसांनी तिला इथं आणलं, तिनंच राखलेल्या जागेवर, पिएरच्या वर. भाऊ जोझेफ आणि ब्रॉन्या यांनी पोलंडची माती आणली होती ती टाकली. १९९५ च्या एप्रिलमध्ये दोघांना इथून काढून पँथिऑनला नेलं, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तराँ होते, पोलंडचे राष्ट्राध्यक्ष वालेसा होते. उकरताना किरणोत्सर्ग तपासणाऱ्या लोकांना मेरीची पेटी शिशाची निघाली, बाहेर लाकूड, मध्ये शिसं, आत पुन्हा लाकूड, पण रेडिएशन अपेक्षेपेक्षा बरंच कमी.

मी आईला म्हटलं ते दोघं आता इथं नाहीत. ती म्हणाली माहितीये, पण सासूसासरे आहेत ना. आहेत. आणि इरेन आणि फ्रेडरिक जोलिओही याच कबरस्तानात आहेत, १९५६ आणि १९५८ पासून. त्यांनाही दोघांना मिळून नोबेल, १९३५ चं. त्यांच्या नावाचे रस्ते कित्येक उपनगरांत जोडीनंच आहेत, एका पिढीत एवढा फरक पडला.

परतताना स्टेशनवर बाकावर बसलो. गाडीला सहा मिनिटं होती. आईनं रुळांकडे बघत विचारलं, "बाई रोज इथूनच जायच्या?"

"हो, याच लाईननं."

"आणि पोरी घरी सासऱ्यांकडे."

"हो."

गाडी आली. आई खिडकीशी बसली आणि बूर-ला-रेन येईपर्यंत काही बोलली नाही.